निजलेलं बी

धनजच्या पुढं कच्च्या रस्त्यानं दोनेक कोस गेलं की जे गाव लागतं, त्याचं नाव सांगून काही उपयोग नाही. तशी गावं त्या भागात पैशाला पासरी. वरच्या अंगाला पाटलांची घरं आणि गोठे, मधे मारुती, खालच्या अंगाला नाला आणि नाल्याच्या काठी बौद्धवाडा. पावसाचं पाणी, शेणमूत, शिव्या, सगळं वरून खाली यायचं. गावाला त्यात काही वावगं वाटत नसे. उतारच तसा आहे, म्हणायचे.

या बौद्धवाड्यातला इंद्रभान नागपूरला विद्यापीठात सूक्ष्मजंतूंवर संशोधन करत होता. एम. एस्सी. झालेला तो वाड्यातला पहिला. खरं तर गावातलाही पहिलाच, पण हे दुसरं वाक्य गावात कोणाच्या तोंडून निघत नसे. अठ्ठ्याहत्तर सालच्या पोळ्याला तो चार दिवसांची सुटी काढून घरी आला. आल्या दिवशी संध्याकाळी त्याचा बाप उकंडराव ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाला, "इतकं शिकून तू तिथं करतो तरी काय रे? लोकं इचारतात, अन् मले सांगता येत नाही."

प्रश्न ऐकून इंद्रभान खुलला. नागपुरात त्याला हे कोणी विचारत नसे, तिथं सगळ्यांना माहीतच असायचं.

"बा, मातीत काही जंतू राह्यतात. खायले भेटलं नाही का ते सोताभोवती जाड कवच घालून घेतात अन् निजून जातात. बी कसं राह्यते, तसं."

"किती दिस?"

"दिस नाही, वर्षं. पन्नास वर्षं बी राह्यतात. उकळत्या पान्यात टाकले तरी सारे मरत नाहीत."

"आन् मंग उठतात कधी?"

हाच तर इंद्रभानचा विषय. तो मांडी बदलून सांगू लागला. नुसत्या पाण्यानं ते बी उठत नाही, नुसत्या उबेनंही नाही. त्याच्या आतल्या पातळ कातडीत एक प्रथिन असलं पाहिजे, एखाद्या कुलपासारखं. त्याला ठरलेलाच पदार्थ लागतो. अ‍ॅलॅनिन नावाचा एक आहे, मांसात, रक्तात, सगळ्या जिवंत अंगात असतो. त्याचा थेंब टाकला की पाच-दहा मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारा दाणा काळवंडतो. म्हणजे कवच सैल झालं, बी जागं झालं, आता ते खाणार आणि वाढणार. पण त्याच अ‍ॅलॅनिनचं आरशातलं उलटं रूप टाकलं, तर ते कुलपात जाऊन नुसतं अडकून बसतं आणि बी निजलेलंच राहतं. परदेशात काहींना असे जंतू सापडले होते, की अ‍ॅलॅनिन कितीही द्या, उठतच नाहीत. ज्याअर्थी कुलूप बिघडू शकतं, त्याअर्थी कुलूप आहे. फक्त अजून ते कोणी हातात धरून दाखवलं नव्हतं.

उकंडरावनं सगळं ऐकून घेतलं. अर्धं डोक्यावरून गेलं असेल, पण जे राहिलं ते त्यानं नीट धरलं.

"म्हंजे चव पाहून उठते ते."

"हो बा, चव पाहूनच."

"मंग ती चव त्याले देऊच नये माणसानं," उकंडराव म्हणाला, आणि बापलेक दोघंही हसले.

उकंडराव असा मोकळा हसला की भागिरथा चुलीपुढून मान वळवून बघायची. त्या घरात हसू स्वस्त नव्हतं. छप्पन साली उकंडराव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हा अंगात रग होती. आल्या आल्या त्यानं वाडा गोळा केला आणि सांगितलं, आजपासून गावाचं मेलेलं ढोर ओढायचं नाही, आणि त्यापायी मिळणारं बलुतंही घ्यायचं नाही. तोवर रीत अशी होती, की वर कोणाचं ढोर मेलं की यांनी दोर घेऊन जायचं, ओढत नाल्याकाठी आणायचं, सोलायचं, आणि सुगीला दारोदार हात पसरून टोपलंभर ज्वारी घ्यायची. उकंडरावनं तो दोर भर चावडीपुढं जाळला. गावानं दुकान बंद केलं, मजुरी बंद केली, दूध बंद केलं. भागिरथा तेव्हा बाळंतीण होती. उपासानं तिच्या अंगावरचं दूध आटलं, आणि इंद्रभानची धाकटी बहीण नाव ठेवायच्या आधीच गेली.

त्या मुलीबद्दल घरात कोणी बोलत नसे. पण दोर पुन्हा दारात आला नाही. हळूहळू गाव थकलं. मेलेल्या ढोरासाठी कारंज्याहून कातडीवाला येऊ लागला. आणि कधीतरी एक दिवस दौलतराव पाटलांनी 'उकंड्या' म्हणायचं सोडून चारचौघांत 'उकंडराव' म्हटलं, तेव्हा भागिरथा घरात येऊन पदरात तोंड घालून रडली. बावीस वर्षांची कमाई म्हणाल तर एवढीच होती. पण ती काय मोलानं मिळाली होती ते त्या बाईलाच माहीत.

पोळ्याच्या दिवशी सकाळी दौलतरावांचा सालदार लखीराम धापा टाकत वाड्यात आला. "इंद्रभानभाऊ, मालकानं बलावलं. पोवळ्या पडला. तुमी जंतूचं शिकता म्हने."

पोवळ्या म्हणजे दौलतरावांचा मानाचा बैल. तोरणाखाली पहिला तोच उभा राहायचा. इंद्रभान गेला तेव्हा बैल गोठ्यामागं आडवा पडला होता, मेलेला. आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला घरच्या बायापोरांनी त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळलं होतं, ते पिवळं बोट अन् बोट अजून दिसत होतं. पोट टम्म फुगलेलं. मरून बराच वेळ झाला तरी पाय ताठरले नव्हते. नाकातून आणि मागून काळं, पातळ रक्त येत होतं आणि ते गोठत नव्हतं. इंद्रभान दहा हातांवर थांबला. पुस्तकात वाचलेलं सगळं त्याच्यापुढं आडवं पडलं होतं.

"पाटील, ही फाशी हाय," तो म्हणाला. फाशी म्हणजे ढोरांना रातोरात मारणारा अँथ्रॅक्स.

"रातीलोक तं चांगला होता. कडबा खाल्ला."

"फाशी असंच करते. ह्याच्यापाशी कोनाले जाऊ देऊ नका."

दौलतराव माणूस काही वाईट नव्हता, असं गाव म्हणायचं. बैल मेला म्हणून त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते धोतराच्या सोग्यानं पुसत ते म्हणाले, "कातडीवाल्याले निरोप धाडला मी. येईन तो दुपारलोक."

"त्याले वापस धाडा. ह्या बैलाले सुरी लागली का सारा खेळ खलास. हे जंतू बंद आंगात राह्यले तं सडून मरून जातात. पन रगत भाईर आलं, हवा लागली, का त्याचं बी होते. ते मातीत पडलं का पन्नास वर्षं निजून राह्यते, अन् चरनाऱ्या ढोराच्या पोटात गेलं का उठते. सोलनारा मानूस बी मरन."

"बरं, मंग वढून नाल्यावर टाकू."

"नाल्यावर तं बिलकूल नाही. खाली आमची विहीर हाय, लेकरं खेळतात. गावची ढोरं तिथंच पानी पेतात. हितंच, बाजूले पुरुषभर खोल खड्डा खंदा, चुना टाका, अन् आख्खा गाडा."

"गाडीन कोन?" दौलतराव म्हणाले.

हा प्रश्न अगदी शांतपणे आला. भिंतीपलीकडं माणसं जमली होती. ज्यांनी काल त्या बैलाच्या गळ्यात गळा घातला होता, ती सगळी मंडळी आज नाकाला पदर लावून दूर उभी होती. जिवंतपणी तो देव होता, आता मेलेलं ढोर झाला होता. दौलतरावांनी लखीरामकडं बघितलं.

"मालक, साल सोडून देतो मी," लखीराम म्हणाला, "पन मेलेल्याले हात नाही लावनार. माहे लोकं मले पंगतीत घेनार नाहीत."

कातडीवाल्याला नको म्हणून सांगायला आणि ढोरांच्या डॉक्टरांना बोलवायला कारंज्याला सायकलवर माणूस पाठवला होता. डॉक्टर खेड्यांच्या दौऱ्यावर आहेत, संध्याकाळशिवाय येत नाहीत, असा निरोप आला. तोवर ऊन चढलं. बैलाचं पोट आणखी फुगलं. गोठ्याच्या कोपऱ्यावर तीन-चार कुत्री येऊन बसली. लखीराम ढेकळं मारून त्यांना हाकलत होता आणि ती पुन्हा येत होती. इंद्रभान बघत राहिला. काय करायचं ते त्याला पक्कं कळलं होतं, आणि ते गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. तो घरी निघाला.

उकंडराव त्याला वाटेतच भेटला. बातमी त्याच्या आधी खाली पोचली होती.

"तू हात लावनार हायेस?"

"बा, हे दोर लावून वढनं नोहे. हे जंतूचं काम हाय. हातात रबरी मोजे घालतो, नाकाले फडकं बांधतो. डॉक्टर करते तसं."

"डॉक्टरचा बाप ढोरं वढत नव्हता," उकंडराव म्हणाला.

इंद्रभाननं वरच्या अंगाला बोट दाखवलं. मग तो म्हणाला, "कुत्रे टपून बसले हायेत, बा. बैल फाटला तं सारं नाल्यात येईन. आपल्याच विहिरीत."

"मले समजते ते. मी काही येडा नाही." उकंडराव म्हणाला. "पन तू नको जाऊ. दुसरं कोनी करन. तुले जंतू दिसतात, बापू. त्याइले उकंड्याचा पोरगा दिसंन."

एवढं बोलून त्यानं पोराचा हात धरला. उकंडरावनं आयुष्यात कोणापुढं विनवणी केली नव्हती, आज पोरापुढं केली. आणि इंद्रभाननं तो हात सोडवून घेतला. त्याला तेव्हा बापाचा राग आला, हे खरं आहे. शिकून-सवरून, हातात मोजे घालून केलेलं काम आणि बलुत्यासाठी केलेलं काम यांतला फरक गावाला कळणार नाही, असं बाप धरून चालला होता. इंद्रभानला वाटलं, काळ बदलला आहे. शिकलेल्या माणसाला असं वाटतं.

वाड्यातला देवमन त्याच्यासोबत कुदळ घेऊन आला, पण त्यानं आधीच सांगून टाकलं, "खड्डा खंदू लागतो. ढोराले हात नाही." दोघांनी बैलाच्या अगदी कडेला खड्डा खणला. काळी माती पावसानं भिजलेली होती, कुदळीला चिकटत होती. पुरुषभर खोल गेल्यावर देवमन वर आला आणि लांब जाऊन उभा राहिला. पुढचं इंद्रभाननं एकट्यानं केलं. नाकाला फडकं बांधलं, मातीचे नमुने घ्यायला म्हणून नागपूरहून पिशवीत आणलेले मोजे घातले, फिनेलमध्ये बुडवलेल्या कापसाचे बोळे बैलाच्या नाकात आणि मागं दाबून बसवले. मग बैलाच्या पोटाखालची माती कडेनं काढत गेला, पहारीनं रेटलं, आणि ते धूड आपल्याच वजनानं खाली गेलं. रक्त सांडलेली मातीही खरवडून त्यानं आत टाकली. पोळ्याला घर पांढरं करायला आणलेला कळीचा चुना दौलतरावांच्या घरात उरला होता, तो वरून ओतला. खड्डा बुजवला, वर काट्या टाकल्या. अंगावरचे कपडे आणि मोजे तिथंच जाळले आणि उघड्या अंगानं, टॉवेल गुंडाळून, भर गावातून तो खाली आला.

भिंतीवरून सगळं गाव बघत होतं. मोजे कोणाच्या लक्षात राहिले असतील असं वाटत नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. लक्षणं ऐकली, खड्डा बघितला, इंद्रभानची पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवशी लस आणून गावची ढोरं टोचली. फाशीनं आणखी एकही जनावर मेलं नाही. आणि एकही मेलं नाही म्हणूनच पाराच्या ओट्यावर लोक म्हणू लागले, की काही नव्हतंच, पोरानं उगाच भेवाडलं. काम नीट झालं की ते दिसत नाही. इंद्रभानला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट तो खुशीत होता, आणि बाप त्याच्याशी बोलत नव्हता तरी दोन दिवसांत निवळेल अशी त्याची समजूत होती.

लस टोचली त्याच दिवशी दुपारी लखीराम डोक्यावर टोपलं घेऊन आला. ते त्यानं उकंडरावच्या ओसरीवर ठेवलं. टोपल्यात ज्वारी होती, काठोकाठ. वर फडक्यात बांधलेल्या चार पुरणपोळ्या. आणि त्याच्या शेजारी एक नवा, पिळदार दोर.

"उकंड्या, घे रे," लखीराम म्हणाला. "मालकानं धाडलं. अन् वरच्या रामरावची म्हैस मेली सकाळी. म्हातारी होती. पोराले धाड म्हने, नाही तं तू ये."

लखीरामच्या बोलण्यात काही खोच नव्हती. कालपर्यंत तो या माणसाला उकंडरावभाऊ म्हणत होता. आज जीभ आपोआप जुन्या जागी गेली होती, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

भागिरथा दारात येऊन उभी राहिली. तिनं टोपल्याकडं बघितलं, दोराकडं बघितलं आणि दाराची चौकट धरली. उकंडराव जागचा हलला नाही. पोराकडंही त्यानं बघितलं नाही, आणि इंद्रभानला वाटलं, बापानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बावीस वर्षं हे गावात कुठं गेलं नव्हतं. निजलं होतं, आणि उठायला त्याला फार काही लागलंही नाही. एकदा हात लागलेला दिसला, बस. ती चव त्याला इंद्रभाननंच दिली होती.

त्यानं टोपलं उचललं, दोर त्यात टाकला आणि वर गेला. दौलतराव सुपारी कातरत बसले होते. टोपलं बघून त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

"अरे, वापस कायले आनलं? तुहं हक्काचं हाय."

"पाटील, तो रोग होता म्हनून केलं मी. बलुत्यासाठी नाही केलं."

"रोग तं तू म्हनतो. आमी तं हात लावलेला पाह्यला." दौलतराव मायेनं हसले. "तुहा बाप बावीस वर्षं अडून बसला. तू समजदार निघाला, शिकला त्याचं चीज झालं. सारं गाव तुह्यं नाव घेऊन राह्यलं, बापू."

शिवी दिली असती तर इंद्रभान भांडला असता. या कौतुकाशी भांडायचं कसं? टोपलं त्यानं पायरीवर ठेवलं. "म्हैस ज्याची हाय त्यानं गाडावी," एवढंच म्हणून तो वळला. मागून दौलतरावांचा आवाज आला, पण तो त्याच्यासाठी नव्हता. ते लखीरामला सांगत होते, "उद्यापासून खाली दूध देऊ नको कोनाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं नाही. भागिरथानं कोपऱ्यात ठेवलेलं दुधाचं पातेलं पालथं घातलं. पालथं घातल्यावर तिचा हात त्यावर बराच वेळ तसाच राहिला, आणि इंद्रभानला बापापेक्षा त्या हाताकडं बघणं अवघड गेलं.

त्याला त्या दिवशी नागपूरची गाडी धरायची होती. पिशवी खांद्याला लावून तो बाहेर आला तर सगळा वाडा रस्त्यावर उभा होता. विहाराच्या दारापुढं, विहिरीच्या वाटेवर, रामरावची म्हैस आणून टाकलेली होती. कोणी ओढली, कधी ओढली, कोणी बघितलं नाही. म्हणजे ओढायला हात होते. बैल पुरायला तेवढे नव्हते.

उकंडराव पुढं उभा होता. दोन दिवसांत तो पहिल्यांदा पोराशी बोलला.

"पाह्य बरं. ह्याच्यात हाय काय ते तुहं बी?"

इंद्रभान खाली बसला. म्हशीचे पाय लाकडासारखे ताठ होते. नाकापाशी थोडं रक्त होतं, लाल, गोठलेलं. अंगावर हाडं तेवढी उरलेली. त्यानं नीट बघितलं, घाई केली नाही, कारण त्या क्षणी त्याला मनातून वाटत होतं की असावी, यातही फाशी असावी. म्हणजे हात लावायला कारण मिळालं असतं, आणि वाट मोकळी झाली असती.

"नाही, बा," तो म्हणाला. "म्हातारपनानं मेली. साधं मरन हाय."

"पक्कं?"

"पक्कं."

"असतं तं मी सोता खड्डा खंदला असता तुह्यासंगं," उकंडराव म्हणाला. "नाही ना? मंग हात लावू नको."

त्यानं धोतर आवरलं आणि विहाराच्या पायरीवर, त्या म्हशीकडं तोंड करून बसला. देवमन त्याच्या शेजारी येऊन बसला, मग आणखी चार जण. ऊन वर येत होतं, माशा जमू लागल्या होत्या. भागिरथा घागरी घेऊन लांबच्या वाटेनं पाण्याला निघाली.

"तुही गाडी जाईन," उकंडराव वर न बघता म्हणाला. "जा तू. आमाले सवय हाय."

इंद्रभाननं पिशवी खाली ठेवली. बापाच्या शेजारी जागा होती, पण तिथं बसायचा हक्क आपला उरला आहे की नाही ते त्याला कळेना, म्हणून तो खालच्या पायरीवर बसला.